पहिल्या हाकेला

होडीवाल्याने माझी पिशवी धक्क्यावर ठेवली आणि ती एवढी जड का, हे वाकून बघितलं.

"पुस्तकं?" तो म्हणाला. "शेळ्या खाली उतरवायला आलात ना तुम्ही? वाचून दाखवणार का त्यांना?"

मी हसलो. उत्तर सुचलं नाही की मी हसतो, आणि उत्तर सुचतं तेव्हा समोरचा माणूस घरी पोचून जेवायला बसलेला असतो.

होडीत माझ्याबरोबर आणखी एक बाई होत्या. सगळा वेळ त्या दोरखंडाच्या वेटोळ्यावर डोकं टेकून झोपल्या होत्या. उतरताना कळलं की त्या जनावरांच्या सरकारी डॉक्टर आहेत आणि त्यांनाही माझ्या वहिनींकडेच जायचं आहे. आम्ही दोघं चढण चढू लागलो. त्या माझ्या निम्म्या वयाच्या, पण धापा दोघांच्या सारख्याच. अधूनमधून त्या थांबायच्या आणि समुद्राकडे बघितल्यासारखं करायच्या. मीही करायचो.

डोंगर तिथे सरळ समुद्रात उतरतो. वर काळा कडा, मध्ये झुडपांचा उभा उतार, आणि उताराच्या पायथ्याशी चारसहा घरं. त्यातल्या दोनच घरांतून धूर निघतो. शेवटचं घर माझ्या मोठ्या भावाचं. दादा हिवाळ्याच्या तोंडावर गेला. आता तिथे वहिनी एकट्या राहतात. एकट्या म्हणजे, शेळ्या धरल्या नाहीत तर.

आणि शेळ्या धरता येत नव्हत्या, हीच तर अडचण होती.

त्या शेळ्या बुटक्या, राखी रंगाच्या. मानेपासून शेपटीपर्यंत पांढरा पट्टा, कुशीवरचे केस गुडघ्यापर्यंत लोंबलेले, खूर रुंद आणि खालून खरबरीत. जिथे माणूस हाताने धरायला जागा शोधतो तिथे त्या उभ्या उभ्या रवंथ करतात. लाटांचे तुषार कड्यावर वाळून मिठाचा पापुद्रा धरतो, तो चाटायला त्या कपारीकपारीतून फिरतात. दूध थोडं देतात, पण ते आटवलं की लवकर नासत नाही. ही जात याच उतारावर आहे. बाकीच्या घरांनी फार पूर्वीच जास्त दुधाच्या शेळ्या आणल्या, जाती मिसळल्या, मग माणसंही निघून गेली. दादा हट्टी. त्याने आपला कळप तसाच ठेवला. त्यामुळे आता हा एवढाच कळप निर्भेळ उरला होता, आणि दादा गेल्यापासून तो कड्यावर गेला तो खाली उतरतच नव्हता.

स्वयंपाकघरात डॉक्टरबाईंनी बूट काढले, पाय लांब केले आणि चहाचा कप दोन्ही हातांत धरला.

"बाई, सरळ सांगते," त्या वहिनींना म्हणाल्या. "संध्याकाळी शेळ्या आपणहून गोठ्यात येतात, हे मला डोळ्यांनी दिसलं तर त्या पाळलेल्या. मी कानात बिल्ले मारते, तुमच्या नावाने. त्या इथेच राहतील आणि तुमच्याकडेच राहतील. पण येत नसतील तर त्या रानटी, बेवारशी. मग जाळी लावणारी माणसं येतील आणि त्यांना डोंगरापलीकडच्या केंद्रात नेतील."

"तिकडे सपाटी आहे," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"सपाटीवर ह्यांचे खूर वाढतात. मग चालता येत नाही."

"माहीत आहे मला. आणि कड्यावर जाळी लावली तर काही खाली पडतील, हेही माहीत आहे." डॉक्टरबाईंनी डोळे मिटले. "मी पुढच्या फेरीला येईन. त्याहून जास्त मला लांबवता येत नाही."

"आणि मी?" वहिनी हसून म्हणाल्या. "मलाही लावा एक बिल्ला."

वहिनींचं पुढचं ठरलेलं होतं. शेळ्या गेल्या तर घराला कुलूप, आणि त्या शहरात लेकीकडे, सातव्या मजल्यावर. लेक चांगली आहे, जावई चांगला आहे, खोलीला खिडकीसुद्धा आहे. हे सगळं वहिनी इतक्यांदा सांगायच्या की त्यांना तिथे जायचं नाही हे मलासुद्धा कळलं.

मला त्यांनी का बोलावलं, ते मात्र कळेना. मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या वेलांट्या सरळ केल्या. निवृत्त झाल्यावर या शेळ्यांबद्दल जे काही छापून आलं असेल ते जमवून वाचत बसलो, कारण दादाशी फोनवर बोलायला काहीतरी विषय हवा असायचा. वाचून मला एवढंच कळलं होतं की लिहिणाऱ्यांपैकी फार कमी जण इथे येऊन गेले आहेत.

"भाऊजी, तुम्ही एवढं वाचलंय," वहिनी म्हणाल्या. "कुठेतरी असेलच ना, शेळ्या रुसल्या तर काय करायचं ते."

मी म्हटलं, बघतो. नाही म्हणायलासुद्धा थोडा आवाज लागतो, तो माझ्याकडे नाही.

डॉक्टरबाई त्याच होडीने परत गेल्या. आम्ही कामाला लागलो.

दादाची हाक सगळ्या किनाऱ्याला माहीत होती. गोठ्याच्या वर, उतार वळून पुन्हा समुद्राकडे झुकतो तिथे, एक सपाट दगड आहे. संध्याकाळी तो त्या दगडावर घराकडे पाठ करून बसायचा, दोन बोटं तोंडात घालून लांब शिट्टी मारायचा आणि मग "होऽर्रऽ होऽर्र" असं काहीतरी ओरडायचा. थोड्या वेळाने शेळ्या यायच्या. सगळ्यांत पुढे मास्तरीण. ती म्हातारी शेळी, फाटक्या कानाची, कोणाकडेही गृहपाठ तपासल्यासारखी बघणारी. सगळ्यांत मागे जावई, म्हणजे बोकड. काम काही नाही, खाणं भरपूर आणि मान मोठा, म्हणून दादानेच ठेवलेलं नाव. त्यांच्याही मागून दादा, हात झटकत. आम्ही पाहुणे अंगणातून बघायचो आणि दादाचं कौतुक करायचो. वहिनी कौतुक करायच्या नाहीत. त्या स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या असायच्या. "मी बोलावते एकाला," त्या म्हणायच्या, "येते सगळी वरात, आणि बोलावलेला शेवटी." दर भेटीत हे वाक्य व्हायचं आणि दर भेटीत आम्ही हसायचो.

लेकीने दादाची हाक मोबाइलवर घेऊन ठेवली होती. वहिनींनी एक डबडा स्पीकर मागवला होता. आम्ही तो सपाट दगडावर ठेवून हाक लावली. शिट्टी घुमली, होऽर्र घुमलं. शेवटी कुठलातरी अर्धवट "अ" उमटला आणि सगळं थांबलं. वर कपारीत मास्तरणीने मान वळवली, आमच्याकडे बघितलं, आणि पुढचं झुडूप खायला घेतलं.

"पुन्हा लावा," वहिनी म्हणाल्या.

पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मीठ ठेवलं, ते दंवाने विरघळलं. वाळलेल्या शेंगा ठेवल्या, त्या शेजारच्या घरातल्या कोंबड्यांनी खाल्ल्या. वहिनींनी स्वतः शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला, पण त्यांचे पुढचे दोन दात पडलेले असल्यामुळे नुसती हवा निघाली, आणि त्यावर आम्ही दोघंही बऱ्याच दिवसांनी मनापासून हसलो. मग दोघंही दमून पायरीवर बसून राहिलो.

"मला वाटतं ह्यांना कळलंय," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"की आता कोणी नाही."

असं काही छापलेलं माझ्या वाचनात नव्हतं.

शेवटचा उपाय म्हणून मी वर जायचं ठरवलं. म्हणजे वहिनींनी ठरवलं नाही, त्या नकोच म्हणत होत्या. पण काहीतरी केल्यासारखं दिसायला हवं, असं मला वाटू लागलं होतं. संध्याकाळी वारा बोचरा होता. खुंटीवर दादाची लोकरीची टोपी होती, ती मी घातली. शेंगांची पिशवी घेतली आणि निघालो. सपाट दगड मागे पडला. वाट हळूहळू शेळीच्या रुंदीची झाली. मास्तरीण वर एका सुळक्यावर उभी होती आणि मी तिच्याकडे बघत, तोंडाने काहीबाही पुटपुटत, एकेक पाऊल टाकत होतो. पायाखाली काय आहे ते मी बघत नव्हतो. पानभर वाचत जावं आणि पान संपल्याचं कळू नये, तशी वाट संपली होती.

खालून आवाज आला.

"अहोऽऽ! अहो, कुठे चाललात? मागे फिरा आधी!"

मी जागच्या जागी थिजलो. खाली पाहिलं, तर डाव्या बुटाचा पुढचा भाग नुसत्या हवेवर होता, आणि त्याखाली फार खोलवर फेस. मी दगडाला पाठ लावली. तेवढ्यात वरून खडे घरंगळू लागले. मास्तरीण माझ्या मांडीला घासून खाली गेली. तिच्या मागे दुसरी, तिसरी, करडं, मग सगळा कळप माझ्या पोटासमोरून पुरासारखा उताराकडे वाहत गेला. शेवटी जावई. त्याने जाता जाता माझी शेंगांची पिशवी ओढून नेली.

वरून मला घर स्पष्ट दिसत होतं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. शेळ्या गोठ्याच्या उघड्या कवाडातून एकामागून एक आत शिरत होत्या. वहिनींनी ते पाहिलं, मग वर माझ्याकडे पाहिलं. टोपीकडे पाहिलं असावं. त्यांनी तोंडावर हात ठेवला, त्या आत गेल्या आणि त्यांनी घराचं दार लावून घेतलं.

मी पाठीवर घसरत, बसत, कसाबसा खाली आलो. चाळीस वर्षं त्या मला भाऊजी म्हणत आल्या. ती हाक माझी नव्हती आणि मी ती ऐकली होती. अशा वेळी माणसाने काय करावं? मी टोपी काढून खिशात कोंबली, घरामागे गेलो आणि मोरीवर पाय धूत बसलो. बराच वेळ धुतले. पाय धुऊन परत आलो तेव्हा शेळ्या रिकामी गव्हाण हुंगून, सपाट दगडाकडे एकदा बघून, रांगेने पुन्हा कड्याकडे निघाल्या होत्या.

कवाड लावायला हवं होतं. एवढंच करायचं होतं.

जेवताना वहिनी ताटाकडे बघून म्हणाल्या, "वारा पडला म्हणून आल्या असतील."

वारा अजून खिडकी हलवत होता. मी म्हटलं, "असेल."

"कवाड लावायचं ना."

"हो."

"तुम्ही होतात तिथे."

"मी वर होतो. तुम्ही खाली होतात."

"मी चुलीवर दूध ठेवलं होतं," वहिनी म्हणाल्या. घरात दुधाचा थेंब नव्हता. आम्ही दोघंही पुढे जेवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पाणी आणायला गेल्या असताना मी मोबाइल घेतला आणि दादाची हाक कानाला लावून ऐकली. शिट्टी. होऽर्र. आणि शेवटी तो तुटका "अ". शब्दाचा तुकडा दिसला की पुढचा तुकडा कुठे गेला ते शोधायचं, ही जन्माची सवय. मी पुतणीला फोन लावला.

"काका, ते ना, आई मध्येच ओरडली," ती म्हणाली. "चांगली हाक घेत होते बाबांची, आणि हिचं सुरू झालं, अहो चहा, अहो चहा. म्हणून कापलं मी ते. का हो?"

"काही नाही," मी म्हटलं. "सहज."

म्हणजे दादा शिट्टी मारायचा, ओरडायचा, आणि शेळ्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. मग खालून वहिनींची हाक यायची. दादा "आलो गं" म्हणायचा आणि हलायचा नाही. शेळ्या उठायच्या. इतकी वर्षं आम्ही सगळे कौतुक करत होतो ते चुकीच्या माणसाचं. आणि वहिनी दर वेळी खरं तेच सांगत होत्या.

आता हे त्यांना सांगायचं कसं? सांगितलं तर पुढे काय म्हणायचं? वहिनी, रोज संध्याकाळी त्यांना हाक मारा, असं? मी दिवसभर वाक्यं जुळवली आणि खोडली. शेवटी मला वाटलं, आवाजच हवा आहे ना, मग माझा चालेल. मोरीच्या मागे जाऊन, आजूबाजूला बघून, मी घसा साफ केला.

"अहो," मी म्हणालो.

काहीच झालं नाही. जरा मोठ्याने म्हणालो, "अहोऽ."

"बोला," पाठीमागून होडीवाला म्हणाला. तो पिठाचं पोतं घेऊन आला होता. "काय झालं? साबण हवाय का?"

मी हसलो.

"तुमची तब्येत बरी आहे ना?" तो म्हणाला. "नाही, पुस्तकांनी होतं असं म्हणतात. आणि ऐका, डॉक्टरीण उद्या येतेय. जाळीवाल्यांनी माझ्याकडे जागा विचारून ठेवलीय. जाळ्या फार जागा घेतात, म्हणून आधी विचारलं."

हे त्याने घरात जाऊन वहिनींनाही सांगितलं. वहिनींनी त्याला चहा दिला, पिठाचं पोतं कुठे ठेवायचं ते सांगितलं, आणि तो गेल्यावर फळीवरून एक ट्रंक काढून त्यात लुगडी भरू लागल्या. मी दारात उभा राहिलो.

"वहिनी," मी म्हणालो, "त्या हाकेला येतात."

त्या घडी घालत राहिल्या.

"दादाच्या नाही. तुमच्या."

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या.

"कधीपासून?"

"कालपासून. आणि तसं बघितलं तर कायमच." त्यांनी लुगडं गुडघ्यावर ठेवलं. "भाऊजी, मी काय शेळ्यांना बोलवत होते? मी माझ्या नवऱ्याला बोलवत होते. आता कोणाला बोलवू? मोकळ्या दगडाला अहो म्हणू? लोक म्हणतील, हिचं डोकं फिरलं."

"लोक आहेतच कुठे इथे?"

"मी आहे ना. मला ऐकू येतं." त्यांचा आवाज दमलेला होता, रडका नव्हता. "काल तुमच्या डोक्यावर ती टोपी बघितली आणि निघालं तोंडातून. ठरवून कसं निघेल?"

या वेळी मला हसूही आलं नाही. मी त्यांना भरलेली ट्रंक दाराशी सरकवायला मदत केली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना डॉक्टरबाई आल्या. बिल्ल्यांची पेटी अंगणात ठेवून त्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी बूट काढले. तिकडच्या बेटावर एक गाय अडली होती, पहाटेपासून त्या उभ्याच होत्या.

"मला झोप लागली तर हलवा," त्या म्हणाल्या. "पण शेळ्या आल्या तरच."

ऊन उतरत गेलं. कपारीत राखी ठिपके दिसत होते. वहिनी स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या, घासलेलीच पुन्हा घासत होत्या. मी आत गेलो.

"मी त्या दगडावर जाऊन बसतो," मी म्हणालो. "पाठ करून. मागे बघणार नाही आणि काही बोलणारही नाही. कोणीतरी असलेलं बरं."

"तुम्हाला अहो म्हणू मी?" वहिनी एकदम वळल्या. "ह्या वयात? दिराला?"

"मला नाही. मी नुसता बसतो."

"टोपी घालू नका."

"नाही घालणार."

त्यांनी पाण्याचे हात झटकले. "मी अहो भाऊजी म्हणेन," त्या म्हणाल्या. "त्यात वावगं काही नाही. रोजच म्हणते."

मी वर गेलो आणि सपाट दगडावर समुद्राकडे तोंड करून बसलो. दगड मध्ये जरा खोलगट झाला होता. दादा माझ्यापेक्षा जाड, त्यामुळे मी त्या खोलगटात सैल बसलो. डावीकडे नजर वळवली की कडा दिसत होता.

"अहो भाऊजीऽऽ!" खालून हाक आली.

कपारीतल्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. पुढचा शब्द संपला तशा त्या एकेक करून खाली गेल्या.

"अहो भाऊजीऽऽ!"

माना वर. माना खाली. मास्तरीण चार पावलं उतरली आणि थांबली. चुकीच्या उत्तरावर लाल रेघ मारावी तसं तिने पाहिलं.

डॉक्टरबाईंचा आवाज आला, "बाई, अंधार पडला की मला बिल्ले मारता येणार नाहीत. फार झालं तर अर्धा तास थांबता येईल मला. होडीवाला थांबत नाही." त्या दुष्टपणाने बोलत नव्हत्या. दमून बोलत होत्या.

मागे बघायचं नाही असं मी कबूल केलं होतं, म्हणून मी समुद्राकडे बघत राहिलो. भांडं ठेवल्याचा आवाज झाला. दाराची कडी वाजली.

"अहो," वहिनी म्हणाल्या. हाक नव्हती ती. शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाशी बोलावं तसं.

आणि मग, "अहोऽऽ!"

उतार त्या आवाजाने भरला.

"अहो, ऐकू येतंय का? किती वेळ बसायचं माणसाने दारात? चहा गार झाला. सगळं गार झालं. बसलात आपले वर जाऊन, पाठ करून! शेळ्या मी बघायच्या, घर मी बघायचं, कौलं मी बघायची. एकदा तरी पहिल्या हाकेला आलात का हो? एकदा तरी? अहोऽऽ! मी दमले आता. ऐकताय ना?"

"आलो गं" हे शब्द माझ्या ओठांवर आले. दगडावर बसणाऱ्याने तेच म्हणायचं असतं, इतकं ते ठरलेलं होतं. मी दात घट्ट मिटून घेतले.

खडे घरंगळले. मास्तरीण माझ्या डावीकडून गेली, थांबली, माझा गुडघा हुंगला, आणि हा तो नव्हे असं ठरवून पुढे गेली. मागून सगळ्या गेल्या. करडांच्या उड्या, केसांना लागलेल्या मिठाचा वास. शेवटी जावई, रमतगमत. खाली वहिनींचा आवाज चालूच होता, आता शब्द लागत नव्हते. मग कवाडाची साखळी वाजली. या खेपेला ती डॉक्टरबाईंनी लावली.

बिल्ले मारून होईपर्यंत मी तिथेच बसलो. खाली जाऊन शेळ्या धरायला हवं होतं, पण मी कुठे बघायचं ते मला कळत नव्हतं. करडांचं ओरडणं ऐकू येत होतं, आणि मध्येच डॉक्टरबाईंचा प्रश्न: "बाई, ही काय हाक लावता तुम्ही? मला लिहायची होती."

"हाक कसली," वहिनी म्हणाल्या. "माझी बडबड ती."

होडी गेल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने चपला वाजल्या. वहिनी उतार चढून वर येत होत्या, गुडघ्यावर हात देत, दोनदा थांबत. दगडाशी आल्या आणि माझ्या बाजूला न बघता समुद्राकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज बसला होता.

"इथे कधी आले नव्हते मी, ह्या वेळेला," त्या म्हणाल्या. "बरं दिसतं इथून."

"हो."

"मला वाटायचं, काय एवढं बघत बसतात." त्या थांबल्या. "भाऊजी, हे आता रोज करावं लागणार."

ते माझ्याही लक्षात आलं होतं. सकाळी शेळ्या चरायला सोडायच्या, आणि संध्याकाळी त्या पुन्हा कड्यावर असणार.

"रोज," मी म्हटलं.

"दगडावर कोणी नसलं तरी येतील का हो त्या?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. खरंच माहीत नव्हतं.

वहिनींनी पदराने तोंड पुसलं. खाली गोठ्यात मास्तरीण कोणालातरी ढुशी देत होती.

"उठा," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही तरी पहिल्या हाकेला उठा. ट्रंक परत फळीवर चढवायची आहे, मला एकटीला उचलवत नाही."

मी उठलो. पाय बधिर झाले होते, म्हणून आम्ही दोघंही सावकाश उतरलो.